लिम्फोमा हे आडनाव आहे

सदाशिव पेठेत जाऊन "कुलकर्णी कुठे राहतात हो?" असं विचारलं तर काय होईल? समोरचा माणूस चष्म्यावरून आपल्याकडे बघेल आणि विचारेल, "कुठले कुलकर्णी?" आणि त्याचं बरोबरच आहे. नुसतं आडनाव सांगून पत्ता सापडत नाही.

लिम्फोमाचं अगदी तसंच आहे. लिम्फोमा हे एका रोगाचं नाव नाही, आडनाव आहे. त्या आडनावाची मंडळी डझनावारी. त्यातला एक असा आहे की ज्याच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात, उपचाराला आठवडा उशीर झाला तरी महागात पडतं. दुसरा असा की वर्षानुवर्षं शांत बसून राहतो आणि डॉक्टर सांगतात, सध्या काही करू नका. तिसरा पोटात होतो आणि बऱ्याचदा चक्क अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी जातो! या तिघांच्याही रिपोर्टवर शेवटचा शब्द एकच, लिम्फोमा.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी असलं काहीबाही. पण घरात एखादा रिपोर्ट येतो, सगळे नातेवाईक "तू कॉम्प्युटरवाला, जरा बघ ना" म्हणतात, आणि मग वाचणं भाग पडतं. या वेळी रिपोर्ट होता काकांचा.

काका साताऱ्याला असतात. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. मानेला डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली, दुखत नव्हती. सुई घालून तपासली, त्यात "दाहाच्या पेशी, टीबीची शक्यता" असं आलं आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे मानेच्या गाठीचा पहिला संशय टीबीवरच जातो, त्याला कारणही आहे, टीबी खरोखरच तेवढा आहे. पण सुईत येतात त्या सुट्या पेशी, चिमूटभर. दोन महिने झाले तरी गाठ हलेना, उलट बगलेत अजून एक लागली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, आता अख्खी गाठ काढून तपासायची.

गाठ काढली. चौथ्या दिवशी कागद आला : "लिम्फोमाची शक्यता. पुढील आयएचसी तपासणी आवश्यक." आणि त्यासाठी अजून पाच-सहा दिवस. झालं! घरात कल्लोळ. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "कॅन्सर आहे की नाही एवढंच सांगायला दहा दिवस? तोवर औषध तरी चालू करा म्हणावं." काकू देवासमोर बसलेल्या. एकाच्या मते मुंबई, एकाच्या मते आयुर्वेद. शांत एकच माणूस, ज्यांना गाठ होती ते.

त्या दहा दिवसांत प्रयोगशाळेत नक्की काय चालतं, हे मला तेव्हा कळलं, आणि कळल्यावर माझी तरी घाई कमी झाली.

काढलेली गाठ आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात. फॉर्मॅलिन ऊतीत शिरतं साधारण तासाला एक मिलिमीटर या गतीने. त्याला घाई करता येत नाही. मग पाणी काढून टाकून मेणात, म्हणजे पॅराफिनमध्ये, गाठ बसवतात. तो झाला ब्लॉक. त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे आणि रंगवायचे. निळा-जांभळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा, तो मूळचा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतो. गुलाबी रंग इओसिनचा. शंभर वर्षांहून जास्त काळ जगभरचे पॅथॉलॉजिस्ट याच दोन रंगांत माणसाचं भवितव्य वाचत आलेत.

या कापात ते बघतात ती नुसती पेशी नव्हे, तर गावाचा नकाशा. निरोगी लिम्फ नोड म्हणजे नीट आखलेलं गाव असतं. बाहेरच्या पट्ट्यात बी पेशींच्या गोल वस्त्या, मधे टी पेशींचा मोहल्ला, आत नाले. लिम्फोमात हा नकाशा बिघडतो, आणि कसा बिघडला त्यावरून गुन्हेगाराचा अंदाज येतो. सुईने चार माणसं उचलून आणली तर ती कुठल्या गल्लीतली हे कसं कळणार? म्हणून अख्खी गाठ हवी.

पण नकाशा पुरत नाही. मोठ्या झालेल्या दोन पेशी दिसायला सारख्या आणि स्वभावाने वेगळ्या असू शकतात. म्हणून आयएचसी. पेशीवरच्या एकेका प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला रंग जोडायचा आणि कापावर सोडायची. सीडी२० रंगलं तर पेशी बी कुळातली, सीडी३ रंगलं तर टी कुळातली. केआय-६७ रंगलं ते विभाजनाच्या गडबडीत असलेल्या पेशींचं. अशी एकामागून एक पट्टी. प्रत्येक पट्टी म्हणजे एक इफ-एल्स, आणि शेवटी पानावर पूर्ण नाव.

आता माझ्या आवडीचा भाग. हा सगळा घोळ लिम्फोसाइटनाच का? हृदयाच्या पेशींना का नाही?

एक कारण म्हणजे हृदयाच्या पेशी फारशा विभाजित होतच नाहीत. पण दुसरं कारण आपल्या धंद्यातल्या माणसाला अंगावर काटा आणणारं आहे. बी पेशी स्वतःचा डीएनए स्वतः कापते. मुद्दाम. लाइव्ह सर्व्हरवर जाऊन चालू प्रोग्रॅमचा सोर्स कोड बदलते! आमच्याकडे असं कुणी केलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं ओळखपत्र काढून घेतात.

पण तिला इलाज नाही. आपल्याकडे जीन आहेत सुमारे वीस हजार, आणि जगात जंतू अगणित. जे जंतू आपल्या आज्यापणज्यांनीही पाहिले नाहीत त्यांच्याशीही लढायचंय. प्रत्येकासाठी वेगळा जीन ठेवायला जागा कुठून आणायची? यावरची युक्ती सुसुमु तोनेगावा यांनी बाझेलमध्ये काम करताना १९७६ साली दाखवून दिली, आणि १९८७ साली त्यांना नोबेल मिळालं. युक्ती अशी : अँटिबॉडीचा जीन तयार ठेवायचाच नाही, सुटे भाग ठेवायचे. जड साखळीसाठी व्ही नावाचे साधारण ४० तुकडे, डी नावाचे २३, जे नावाचे ६. प्रत्येक बी पेशीने यातला एकेक उचलायचा, मधला डीएनए कापून टाकायचा आणि तुकडे जोडायचे. ४० गुणिले २३ गुणिले ६ म्हणजे साडेपाच हजार जोड्या. हलक्या साखळीच्या अशाच सव्वातीनशेच्या आसपास. गुणाकार करा, साडेसतरा लाखांच्या वर गेलो. त्यात जोडाच्या जागी पेशी मनानेच काही अक्षरं घुसडते, कुठलाही नमुना न बघता. मग तर मोजदादच संपली.

हे झालं हाडाच्या मगजात. पुढे घसा धरला, मानेला गाठी आल्या की समजायचं, लिम्फ नोडमध्ये दुसरी फेरी सुरू झाली. तिथल्या जर्मिनल सेंटर नावाच्या गोल वस्तीत बी पेशी अँटिबॉडीच्या जीनमध्ये पुन्हा चुका करून बघतात. शरीरातल्या नेहमीच्या वेगाच्या जवळजवळ दहा लाख पट वेगाने. जिची अँटिबॉडी जंतूला जास्त घट्ट चिकटते ती जगते, बाकीच्या मरतात. कोड बदला, टेस्ट करा, नापास झाला तर डिलीट. रोज, तुमच्या-माझ्या मानेत.

एवढी कापाकापी चाललेली असताना कधीतरी तुकडा चुकीच्या जागी चिकटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. बहुतेक बी सेल लिम्फोमांचा जन्म या कापाकापीच्या आसपासचाच आहे.

पहिलं उदाहरण आफ्रिकेतलं. डेनिस बर्किट नावाचा आयरिश सर्जन, लहानपणीच एक डोळा गमावलेला, युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात काम करत होता. १९५७ साली त्याला एक मूल दाखवलं गेलं, जबड्याला दोन्ही बाजूंनी प्रचंड गाठी. मग अशीच दुसरी मुलं दिसायला लागली. १९५८ मध्ये त्याने त्यावर लेख लिहिला. १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांना घेऊन, जुन्या मोटारीतून हजारो मैल आफ्रिका पालथी घातली आणि हा रोग कुठे आहे, कुठे नाही याचा नकाशा काढला. उष्ण, दमट, मलेरियाच्या पट्ट्यात रोग होता, उंच थंड भागात नव्हता. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याचं व्याख्यान ऐकायला अँथनी एपस्टाइन बसले होते. त्यांनी ठरवलं, यात विषाणू असणार. कंपालाहून गाठींचे नमुने विमानाने लंडनला यायला लागले. दोन वर्षं काही हाती लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये एक विमान धुक्यामुळे मँचेस्टरला वळवलं गेलं आणि नमुना उशिरा पोचला, गढूळ झालेला. कुणीही म्हणालं असतं, नासला, फेकून द्या. एपस्टाइननी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर गढूळपणा म्हणजे सुट्या झालेल्या, जिवंत ट्यूमर पेशी! त्या वाढवल्या आणि १९६४ मध्ये त्यांच्यात विषाणू सापडला. माणसात कॅन्सरशी जोडला गेलेला पहिला विषाणू, एपस्टाइन-बार.

पण हा विषाणू तर जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात असतो. मग सगळ्यांना बर्किट का होत नाही? उरलेलं उत्तर क्रोमोसोममध्ये मिळालं. १९७६ पर्यंत कळलं की या पेशींत आठव्या आणि चौदाव्या क्रोमोसोमची टोकं अदलाबदल झालेली असतात. १९८२ मध्ये कळलं की आठव्यावरून तुटून जातो तो मिक नावाचा जीन. मिकचं काम पेशीला "वाढ, विभाजन कर" म्हणून सांगणं. आणि तो जाऊन चिकटतो कुठे, तर चौदाव्यावरच्या अँटिबॉडी जीनच्या शेजारी. बी पेशीत अँटिबॉडीचा जीन म्हणजे चोवीस तास चालू असलेली फॅक्टरी. तिथलं बटण कायम दाबलेलं. त्या बटणाखाली मिक आला. स्वतः मिक फारसा बिघडलेला नसतो, कोड ठीकठाकच, फक्त पेस्ट झाला तो कधीही न थांबणाऱ्या लूपच्या आत.

काकांचा पूर्ण रिपोर्ट आला तो दहाव्या दिवशी. सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी१० पॉझिटिव्ह, केआय-६७ पंधरा टक्के, बीसीएल२ वस्त्यांच्या आत पॉझिटिव्ह. नाव : फॉलिक्युलर लिम्फोमा, ग्रेड १-२. मी साताऱ्याला गेलो. काकांना वही-पेन घेऊन वरचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मधेच म्हणाले, "म्हणजे ॲक्सिलरेटर अडकलाय माझा."

म्हटलं, "नाही काका, तो बर्किटमध्ये. तुमच्यात वेगळंच आहे."

"मग ब्रेक गेलेत?"

"तेही नाही. तुमच्या पेशी फार जोरात वाढत नाहीयेत. त्या मरत नाहीयेत."

काकांनी थोडा वेळ विचार केला. "आरं, म्हणजे डेपोत नवीन गाड्या येत्यात तेवढ्याच, पण जुनी गाडी मोडीतच काढत नाय कोणी. डेपो भरणारच की!"

मला तर हे सुचलंच नसतं. अगदी हेच आहे. फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेकांच्या चौदाव्या आणि अठराव्या क्रोमोसोमची अदलाबदल झालेली असते. १९८५ च्या सुमारास तिथला जीन सापडला, त्याला बीसीएल२ नाव पडलं. १९८८ मध्ये कळलं की तो पेशीला वाढवत नाही, मरण्यापासून वाचवतो. कॅन्सर म्हणजे बेफाम वाढ, एवढंच तोवर सगळे धरून चालले होते. मरायचं विसरणं हासुद्धा कॅन्सरचा रस्ता आहे हे या गाठीने शिकवलं. जर्मिनल सेंटरमधल्या पेशी परीक्षेत नापास झाल्या की मराव्यात म्हणून तिथे बीसीएल२ बंद ठेवलेला असतो. म्हणूनच साध्या संसर्गाने सुजलेल्या नोडमध्ये या वस्त्या बीसीएल२ च्या पट्टीत कोऱ्या दिसतात आणि फॉलिक्युलर लिम्फोमात रंगतात. चुलतभाऊ ज्या दिवसांवर चिडला होता, ते दिवस या एका रंगासाठी होते.

आणि आता यातली उलटी गंमत. बर्किट भयंकर वेगवान, पण वेळेत आणि कडक केमोथेरपी मिळाली तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. फॉलिक्युलर सौम्य, पण पसरलेला असला तर तो सहसा मुळापासून जात नाही. दबतो, परत येतो. कारण नेहमीची केमो मारते विभाजित होणाऱ्या पेशींना. काकांनी हेही एका वाक्यात बसवलं, "पळती गाडी नाक्यावर सापडते. शेडमधी उभी असलेली कशी सापडायची?"

पेट स्कॅनमध्ये मानेत, बगलेत आणि पोटातही नोड दिसले. म्हणजे तिसरी स्टेज. पण ताप नाही, वजन घटलेलं नाही, रात्रीचा घाम नाही, रक्त ठीक. डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता औषध नको. दर तीन महिन्यांनी या."

खरं वादळ घरात आलं ते इथे. तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर आणि औषध नको? चुलतभावाने सरळ विचारलं, "म्हातारे झाले म्हणून सोडून देताय का?" त्याचा राग मला समजत होता. आपल्याकडे डॉक्टरांनी काही दिलं नाही तर एक तर रोग नाही, नाहीतर आशा नाही. "थांबा" हे औषध असू शकतं हे पचत नाही.

मग मी त्याला बसवून एक अभ्यास दाखवला. ब्रिटनमध्ये १९८१ पासून अशाच, म्हणजे पसरलेला पण त्रास न देणारा, सौम्य लिम्फोमा असलेल्या ३०९ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एकाला लगेच गोळ्यांची केमो, दुसऱ्याला नुसती देखरेख. निकाल २००३ मध्ये छापून आला. दोन्ही गट सारखेच जगले. देखरेखीवाल्यांपैकी काहींना तर कित्येक वर्षं औषध लागलंच नाही. रिटुक्सिमॅब आल्यानंतर आता मधले पर्यायही आहेत, त्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात. आणि थांबणं म्हणजे झोपणं नव्हे. दर वर्षी शंभरातल्या दोन-तीन जणांचा फॉलिक्युलर बदलून आक्रमक लिम्फोमा होतो. एखादी गाठ अचानक वाढली, ताप आला, वजन उतरलं तर तीच गाठ काढून पुन्हा तपासायची, जुन्या रिपोर्टवर विसंबायचं नाही.

आणखी एक गोष्ट त्याला सांगितली, ती मलाही वाचताना धक्का देऊन गेली होती. ही १४-१८ ची अदलाबदल झालेल्या मोजक्या पेशी कित्येक निरोगी माणसांच्या रक्तात सापडतात. तुमच्या-माझ्याही असतील. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधी लिम्फोमा होत नाही. एका बगने सिस्टिम पडत नाही, त्यावर अजून तीन-चार बग साचावे लागतात. म्हणून "रक्तात जीन सापडला" म्हणजे रोग नव्हे. नकाशा, रंग, जीन, माणूस, सगळं एकत्र मांडून बघायचं.

भाऊ लगेच पटला असं नाही. तो ब्लॉक घेऊन मुंबईला गेला, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा वाचून घेतला. नाव तेच आलं, सल्लाही तोच. मग गप्प झाला. या गोष्टीला आता सव्वा वर्ष झालं. काका दर तीन महिन्यांनी दाखवून येतात, येताना कंदी पेढे आणतात. पुढचं कुणी सांगावं.

नावांची ही यादी अशी लांब का झाली, तेही थोडं सांगतो. थॉमस हॉजकिन यांनी लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये १८३२ साली सात रुग्णांच्या गाठींचं वर्णन केलं, तेही मुख्यतः नुसत्या डोळ्यांनी बघून. घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसणारी त्यातली खास पेशी १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग आणि १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी वर्णन केली. ती पेशी मूळची कोण, हे कळायला १९९४ उजाडलं. एकेक पेशी वेचून तिचा अँटिबॉडी जीन वाचला तेव्हा ती बी पेशी निघाली! ओळख पटली ती त्याच कापाकापीच्या खुणेने. कारण प्रत्येक बी पेशीचा जोड वेगळा, म्हणजे प्रत्येकीला स्वतःचा सीरियल नंबर. निरोगी नोडमध्ये हजारो वेगवेगळे नंबर सापडतात. लिम्फोमात लाखो पेशींवर एकच नंबर. ज्या उद्योगामुळे पेशी बिघडते, तोच तिला पकडूनही देतो.

१९९३ मध्ये लंडनच्याच संशोधकांनी पोटातल्या माल्ट नावाच्या लिम्फोमाला अँटिबायोटिक दिलं. हेलिकोबॅक्टर जंतू मेला आणि सहापैकी पाच रुग्णांत लिम्फोमाही मागे हटला. नाव वेगळं काढलं नसतं तर हे सुचलंही नसतं. २००० साली सगळ्यात जास्त आढळणाऱ्या डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमाचे हजारो जीन एकदम मोजले, तर सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखा दिसणारा रोग दोन निघाला, आणि त्यातल्या एकाचे रुग्ण जास्त जगत होते. मात्र नाव मिळालं म्हणून औषध लगेच मिळत नाही. या दोघांनाही पुढची कित्येक वर्षं साधारण एकच उपचार, आर-चॉप, मिळत राहिला. नाव आधी येतं, औषध मागून. कधी वीस वर्षांनी.

आपल्याकडेही गाडी पुढे गेलीय. टी पेशींना सीडी१९ ओळखायला शिकवून बी सेल कॅन्सरवर सोडायची कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिली आणि २०२३ मध्ये तिला भारतात मंजुरी मिळाली. परदेशापेक्षा पुष्कळ स्वस्त, तरी खर्च लाखांतच. आणि ती कुणाला द्यायची हेही पुन्हा नावावरच ठरतं.

२०२२ मध्ये तर मजाच झाली. इतकी वर्षं जागतिक आरोग्य संघटनेची एकच यादी सगळे वापरायचे. त्या साली तज्ज्ञांचे दोन गट पडले आणि दोन याद्या निघाल्या. आमच्या भाषेत, प्रोजेक्ट फोर्क झाला! बरीचशी नावं सारखी, काही वेगळी. त्यामुळे दोन रिपोर्टांत नाव थोडं वेगळं दिसलं तर घाबरू नका, विचारा की कुठल्या यादीप्रमाणे लिहिलंय.

असो. बरंच लांबलं. घरात कुणाच्या कागदावर हा शब्द आला तर डॉक्टरांना एवढं विचारा : पूर्ण नाव काय? ते सुईवरून दिलंय की अख्ख्या गाठीवरून? कुठल्या पट्ट्या रंगवल्या? आणि उपचार सुरू करायच्या आधी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने बघावं का? डॉक्टर "आत्ताच, आज" म्हणाले तर त्यांचं ऐका, काही लिम्फोमा खरंच थांबत नाहीत. पण ते "पूर्ण नाव येईपर्यंत थांबा" म्हणाले तर तो वेळकाढूपणा समजू नका.

आणि स्लाइड व ब्लॉक मागून घ्या, मिळतात. रिपोर्ट म्हणजे नुसतं डॉक्युमेंटेशन, सोर्स कोड त्या ब्लॉकमध्ये आहे. उद्या नवी तपासणी निघाली तर तो ब्लॉकच लागेल. डबीवर नाव आणि तारीख लिहून कपाटात ठेवा. फक्त उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरू नका, मेण आहे ते.